शेवटचा काळ आणि संत्र्याची कलमं: प्रकटीकरणाचं पुस्तक तुम्ही कसं वाचता?

काटोलनाका | रविवार, रात्री ९:४०

आमचं घर मोहननगरला, पण मूळ गाव काटोलकडचं. काकांची तिथं चार एकर संत्र्याची बाग होती. होती म्हणतो, कारण दोन पावसाळ्यांत डिंक्या रोगानं निम्मी झाडं गेली आणि उरलेली काकांनी यंदा मार्चमध्ये स्वतःच काढून टाकली. आता नवी कलमं लावायची. मे महिन्यात खड्डे, पाऊस धरला की लागवड, असं सगळं ठरलेलं. खड्डेवाला रोज फोन करून विचारतोय, येऊ का.

तेवढ्यात काकूंच्या प्रार्थना-गटात बाहेरगावचे एक प्रचारक आले. फ्लेक्सवर छापलेला मोठा तक्ता घेऊन. डावीकडे दानीएलाच्या पुस्तकातला पुतळा, सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय आणि पावलं अर्धी लोखंडाची अर्धी मातीची. मधे प्रकटीकरणातल्या सात मंडळ्या, म्हणजे चर्चेस. उजवीकडे श्वापद आणि आगीचं सरोवर. हिशोब असा: अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, ते १९४८ ला पालवलं. 'ही पिढी नाहीशी होणार नाही' असं मत्तयाच्या शुभवर्तमानात, अध्याय २४ मध्ये आहे. पिढी किती वर्षांची? स्तोत्र ९० म्हणतं सत्तर, अंगात शक्ती असली तर ऐंशी. १९४८ अधिक ८० म्हणजे २०२८. तोवर सात वर्षांचं महासंकट उरकलेलं असणार आणि त्याच्याही आधी विश्वासणारे वर स्वर्गात उचलले जाणार.

काकू घरी येऊन काकांना म्हणाल्या, "संत्र्याले फळ याले पाच-सहा वर्षं. कोणासाठी लावता?"

काकांनी मला फोन केला. मी बँकेत कारकून. लहानपणी संडेस्कूलमध्ये पाठांतराचं बक्षीस मिळालं होतं, एवढीच माझी पात्रता. म्हणून इथं विचारतो. प्रकटीकरण हे बायबलातलं शेवटचं पुस्तक तुमच्या मंडळीत कसं शिकवतात? सगळे ख्रिस्ती असंच मानतात का? टिंगल करायला नाही, खरंच विचारतोय.

टिवल्याबावल्या | रात्री ९:५२

कर्ज काढून लावा. वीस वर्षांचे हप्ते. २०२८ ला जग बुडालं तर बँक बुडाली, नाही बुडालं तर संत्री आहेतच.

काटोलनाका | रात्री ९:५५

मी बँकेत आहे हो. असले सल्ले जाहीर देऊ नका, लोक उद्या सकाळी खरंच रांगेत येतील.

तर्रीपोहा | रात्री १०:०३

काहून बे, मे महिन्यात नागपुरात राहून कोणी आगीच्या सरोवराले भेत असते का?

सदरची_घंटा | रात्री १०:३१

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे तक्ता-बिक्ता नाही. नोव्हेंबर संपत आला की रविवारच्या वाचनांत सूर्य काळा होणं, तारे पडणं हे सगळं येतं, फादर त्यावर बोलतात, आणि पुढच्या आठवड्यात ख्रिसमसआधीच्या आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लागते. आजी चारच गोष्टी शिकवायची: मरण, न्याय, स्वर्ग, नरक. त्यातली पहिली तुझी तुला कधी येईल ते पाहा, जगाचं जग पाहील, असं म्हणायची. पृथ्वीवरचं हजार वर्षांचं राज्य वगैरे आमचं चर्च मानतच नाही.

प्रचारकांनी पैसे मागितले का, हे मात्र विचारून घ्या.

काटोलनाका | रात्री १०:४०

नाही मागितले. तो आरोप माणसावर करता येणार नाही. चहासुद्धा अर्धा कप घेतला म्हणे, बिनसाखरेचा. म्हणूनच तर काकूंना पटलं.

निवृत्तमास्तर | सोमवार, सकाळी ६:१५

धागाकर्ते, तुमचा तक्ता ओळखीचा आहे. माझ्या तरुणपणी तो कापडावर रंगवलेला असे, आता फ्लेक्स आला एवढाच फरक. तेव्हा पिढी चाळीस वर्षांची धरत, म्हणजे १९४८ अधिक ४०, बरोबर १९८८. अमेरिकेत एडगर व्हिसनंट नावाच्या एका माजी अभियंत्यानं प्रभू त्याच वर्षी का येणार याची ८८ कारणं छापून काढली होती. १९८८ गेलं. मग पिढी लांबवली.

सगळे ख्रिस्ती असंच मानतात का? नाही. मूळ भांडण हजार वर्षांवर आहे. हे हजार वर्षांचं राज्य प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात येतं, सहा वचनांत सहा वेळा, आणि बायबलात दुसरीकडे कुठं नाही. एक पक्ष म्हणतो, प्रभू आधी येईल, मग पृथ्वीवर खरोखरची हजार वर्षं राज्य करील. दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन, आयरेनियस हे याच मताचे. दुसरा पक्ष बिशप ऑगस्टीनचा. तो म्हणाला, हजार हा आकडा मोजायसाठी नाही, ते राज्य म्हणजे मंडळीचा हाच काळ, आत्ता चालू आहे तो. पश्चिमेकडचं बहुतेक चर्च पुढं शेकडो वर्षं त्याच वाटेनं गेलं. वर 'सदरची घंटा' यांच्या आजी त्याच वाटेवरच्या. तिसरा पक्ष म्हणतो, सुवार्ता पसरत जाईल तसं जग सुधारेल, त्यातूनच सुवर्णकाळ येईल आणि त्याच्या शेवटी प्रभू. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत या मताला मोठा बहर होता. पहिल्या महायुद्धानं त्यातली हवा काढली.

काकूंनी पाहिला तो तक्ता पहिल्या पक्षाची अलीकडची फांदी आहे. जॉन नेल्सन डार्बी, प्लिमथ ब्रदरन या पंथापैकी, १८३० नंतरचा काळ. आधी उचललं जाणं, मग सात वर्षं, मग राज्य, ही मांडणी त्यानं रूढ केली. १९०९ साली स्कोफील्डनं ती बायबलच्याच पानांवर तळटिपांत छापली, आणि वचन कुठं संपलं नि टीप कुठं सुरू झाली हे वाचणाऱ्याला कळेनासं झालं.

नागपूरकरांसाठी एक आठवण. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन (हे ब्रदरन वेगळे, डार्बीचे नव्हेत), डिसायपल्स. बाप्तिस्मा बाळाला की मोठेपणी, यावर एकमत होईना म्हणून दोन्ही ठेवले. हजार वर्षांच्या भांडणात कोण पडतो! दर रविवारी आपण उभं राहून जे म्हणतो त्यात एवढंच आहे की जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल. कधी, कोणत्या क्रमानं, हे त्यात नाही.

तर्रीपोहा | सकाळी ९:१०

मास्तर, सकाळी सव्वासहाले एवढं? आमचं तं अजून पोहे नाही झाले.

टिवल्याबावल्या | सकाळी ९:३०

एक गणित सुटलंय. २०२८ मधून महासंकटाची सात वर्षं वजा करा. आलं २०२१. म्हणजे उचलणं होऊन गेलं आणि प्रचारक, काकू, आपण सगळे इथंच. लॉकडाऊनमुळे कोणाच्या लक्षात आलं नसेल.

पहाटचा_तारा | दुपारी १:०५

टिवल्याबावल्या, हसू आलं हे कबूल करते. आता थोडं ऐका.

मास्तर, मान ठेवून सांगते, डार्बीचं नाव तुम्ही असं घेता जणू त्यानं घरी बसून सगळं रचलं. उचललं जाणं प्रेषित पौलानं लिहिलंय, थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय. तारणारा बेथलेहेमात जन्मेल हे मीखा संदेष्ट्यानं लिहिलं, ते शब्दशः झालं. राजा गाढवावर बसून येईल हे जखऱ्यानं लिहिलं, ते शब्दशः झालं. मग पहिल्या येण्याची वचनं शब्दशः आणि दुसऱ्या येण्याची तेवढी अलंकारिक, हे ठरवलं कोणी? दोन हजार वर्षं देश नसलेले लोक परत आपल्या भूमीत आले, हे डोळ्यांसमोर झालंय. मी घरगुती मंडळीत हेच शिकवते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पण तारीख काढणं चूक. ज्या मत्तय २४ मधून हिशोब काढला त्याच अध्यायात, चारच वचनं पुढं आहे की तो दिवस नि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, दिव्यदूतांना नाही, पुत्रालाही नाही.

माझे बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. आम्ही फाटकाबाहेर, आत पांढऱ्या किटमधली चार माणसं. पाळकांनी फोनवरून वचन वाचलं, भावानं मोबाईल स्पीकरवर टाकून गजांतून आत धरला होता. ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर ढगांत… इथं रेंज गेली. पुढचं आईनं तोंडपाठ म्हटलं. ते वचन तक्त्यासाठी लिहिलेलंच नाही. थेस्सलनीकाच्या लोकांची माणसं गेली होती, आणि प्रभू यायच्या आधीच मेलेल्यांचं काय, म्हणून ते कासावीस झाले होते. 'या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा' हे त्याच्या लगेच पुढचं वाक्य. ते कोणी फ्लेक्सवर छापत नाही.

निवृत्तमास्तर | दुपारी २:२०

ताई, डार्बीबद्दलचा माझा सूर चुकला. मागे घेतो. वचन पौलाचं आहे हे खरं. 'दोन वेगवेगळी येणी, मधे सात वर्षं' हे त्यात नाही, एवढंच माझं म्हणणं राहील.

प्रश्नचिन्ह | दुपारी ४:४८

मी नास्तिक, पण इतिहासाची आवड म्हणून लिहितो. पुस्तक भविष्याचं आहे हे गृहीत का धरायचं? पहिल्याच वचनात 'लवकर घडून येणाऱ्या गोष्टी' म्हटलंय. लिहिणारा योहान पात्म बेटावर, वाचणारे आजच्या तुर्कस्तानातल्या सात गावांतले. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. त्यांच्यासमोर रोम उभं होतं. सात डोंगरांवर बसलेली बाई म्हणजे रोम, हे त्या काळच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

श्वापदाचा आकडा ६६६ घ्या. हिब्रूत अक्षरांना आकडे असतात. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमन सम्राट नीरो, असं लिहा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज करा. काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे. लॅटिन वळणानं 'नेरो' म्हटलं तर शेवटचा नून गळतो, पन्नास कमी होतात, आणि ६१६ येतं. दोन्ही कुलपांना एकच किल्ली लागते. इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसनं यरुशलेमचं मंदिर पाडलं, मत्तय २४ तिथंच पुरं झालं. विषय संपला.

पहाटचा_तारा | सायंकाळी ५:३०

संपला नाही. आयरेनियस म्हणतो, हा दृष्टान्त रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस झाला. म्हणजे सन ९५ च्या सुमारास. नीरो ६८ मध्येच मेला, मंदिर ७० मध्ये पडलं. होऊन गेलेल्या गोष्टीचं भाकीत कशाला करेल कोणी? आणि तुमच्या किल्लीसाठी ग्रीक पुस्तकाला हिब्रू कुलूप लावावं लागतं.

प्रश्नचिन्ह | सायंकाळी ५:४१

ग्रीक-हिब्रूचा मुद्दा चांगला आहे. योहानाचं ग्रीक पानोपानी हिब्रू वळणाचं आहे, म्हणून मला अडत नाही. काळाबद्दल मात्र बहुतेक अभ्यासक तुमच्याच बाजूला आहेत, हे मान्य. तरी श्वापद रोमच.

महालकर | सायंकाळी ७:१५

मी हिंदू माणूस, तुमच्यात बोलायचा अधिकार नाही. पण प्रश्नचिन्ह यांचं वाचून एकदम डोक्यात आलं. हे तर आपल्या बडग्यासारखं झालं!

बाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. बरोबर बडगे असतात, कागदाचे, बांबूचे, हे मोठे. ज्याचा लोकांना त्या वर्षी राग आला असेल त्याचा बडगा. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा. नाव लिहायची गरज नसते. नाक जरा लांब केलं, चष्मा घातला, गळ्यात नोटांची माळ टाकली की गर्दी ओळखते कोण ते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाबाहेर नेऊन जाळून टाकायचं. दोन हजार वर्षांनी कोणाला यातल्या एका बडग्याचं वर्णन सापडलं, की सात हात, दहा तोंडं, कपाळावर आकडा, तर तो बसेल गणित मांडत. आम्ही मात्र बुधवारी बाजाराच्या रस्त्यावर उभं राहून हसलो होतो.

सदरची_घंटा | सायंकाळी ७:२२

महालकर, हे मी फादरना वाचून दाखवणार आहे.

पहाटचा_तारा | रात्री ८:५०

उपमा झकास. पण अर्धीच सांगितलीत. बडगा जाळला म्हणून पीडा जाते का? पुढच्या पोळ्याला नवा बडगा असतोच. नीरो गेला, डोमिशियन आला, तो गेला, दुसरा आला. जोवर बांबू-कागद आहे तोवर बडगे आहेत. पुस्तकात मात्र एकदा शेवटचा बडगा येतो आणि त्याच्यानंतर पोळा नाही. मी त्याची वाट पाहते. तुम्ही मागच्या वर्षीचाच पाहताय.

निवृत्तमास्तर | रात्री ९:२०

बाप रे. ताई, तुम्ही दोन वाक्यांत आणखी एक पंथ सांगून गेलात. पुस्तकातली श्वापदं कोणा एका काळाची नाहीत, प्रत्येक पिढीत सत्ता माजली की तीच नव्या कातड्यात येतात, असं वाचणारेही बरेच आहेत. तारखा नाहीत, नावं नाहीत. मी स्वतः हल्ली तिकडेच झुकतो. तोटा असा की त्यात सगळंच बसतं, आणि सगळं बसतं तिथं शेवटी काहीच नेमकं हाती लागत नाही.

जाता जाता, लावदिकीयाला 'तू कोमट आहेस' म्हटलंय ना? जवळच्या हिरापलीला गरम पाण्याचे झरे, कलस्सैला थंड पाणी. लावदिकीयाचं पाणी लांबून नळानं यायचं, तोंडात धरवेना असं. गावाच्या पाण्यावरून टोमणा आहे. त्याचं 'शेवटच्या युगातली कोमट मंडळी' असं युग करून ठेवलं नंतरच्यांनी.

तर्रीपोहा | रात्री ९:३३

कोमट पाणी म्हणजे आमच्या टाकीचं. मे महिन्यात सकाळी आंघोळीले गिझर लागत नाही.

गोगलगाय | रात्री १०:१५

श्वापदाच्या खुणेचं कोणी बोललंच नाही. उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण, तिच्याशिवाय विकत घेता येणार नाही, विकता येणार नाही. आमच्या गटात फॉरवर्ड फिरतोय, आधार, क्यूआर कोड, सगळं तेच. फरात (युफ्रेटिस) नदीही आटतेय, तेही सोळाव्या अध्यायात आहे. परवा पाणीपुरीवाल्यानं सुटे घेतले नाहीत, म्हणाला स्कॅन करा. अंगावर काटा आला.

टिवल्याबावल्या | रात्री १०:१८

पाणीपुरी खाल्ली की नाही?

गोगलगाय | रात्री १०:१९

खाल्ली. दोन प्लेट.

प्रश्नचिन्ह | रात्री १०:४०

फरातवर तुर्कस्तानानं एकामागून एक धरणं बांधली, वर दुष्काळ. आणि चेर्नोबिलच्या वेळीही असंच झालं होतं. आठव्या अध्यायात 'कडूदवणा' नावाचा तारा पाण्यात पडतो, आणि चेर्नोबिल हे त्या जातीच्या वनस्पतीचं नाव, म्हणून लोक हादरले होते. खरं तर ती कडूदवण्याची चुलत बहीण, तीच नव्हे.

पहाटचा_तारा | रात्री ११:०२

गोगलगाय, घाबरू नका. तेराव्या अध्यायातली खूण सगळ्यांना पाठ, पण चौदाव्याचं पहिलं वचन कोणी वाचत नाही. तिथं कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, माणसांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे. आणि हात नि कपाळ आलं कुठून? बायबलातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, ६:८, देवाच्या आज्ञा हातावर बांध, कपाळावर लाव. प्रश्न आहे तुम्ही कोणाचे. पाणीपुरीवाला कोणत्या बँकेचा, हा नाही.

शनिवारवाला | मंगळवार, सकाळी ७:३०

सेवेंथ-डे ॲडव्हेंटिस्ट आहे, शनिवारी उपासना करणाऱ्यांपैकी, नाव त्यावरूनच. तारखांचा विषय निघाला की सगळे आमच्याकडे बघतात, म्हणून मीच सांगतो.

विल्यम मिलर हा अमेरिकेतला शेतकरी. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस, भविष्यवाणीत एक दिवस म्हणजे एक वर्ष, सुरुवात इसवी सनापूर्वी ४५७ पासून. हिशोब १८४३-४४ ला येऊन थांबला. शेवटी अनुयायांनी तारीख पक्की केली, २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक रात्रभर जागे राहिले. सकाळ झाली, आणि काही झालं नाही. आमच्या इतिहासात तिला 'महानिराशा' म्हणतात. काही घरी गेले ते परत आलेच नाहीत. काहींनी पुन्हा बायबल उघडलं, त्यातून १८६३ मध्ये आमचं चर्च उभं राहिलं. तेव्हापासून आम्ही तारीख काढत नाही. दिवसाला वर्ष धरून इतिहासात भाकितं शोधायची पद्धत मात्र आम्ही सोडलेली नाही. ल्यूथर आणि त्याच्या काळचे सुधारक तसंच वाचायचे.

धागाकर्त्यांच्या कामाची गोष्ट पुढं आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये हेस्टिंग्ज नावाचा शेतकरी होता, मिलरवर विश्वास असलेला. प्रभू येणारच तर बटाटे काढायचे कशाला, म्हणून त्यानं शेत तसंच सोडलं. शेजारी हसले. त्या साली ज्यांनी लवकर काढले त्यांचे बटाटे कुजले, याचे जमिनीत राहिलेले चांगले निघाले आणि चढ्या भावानं गेले. आमच्याकडे ही गोष्ट विश्वासाचं फळ म्हणून सांगतात. माझे आजोबा वेगळी सांगायचे. म्हणायचे, तो आला नाही हे खरं, पण बटाटे लावले होते म्हणून तर काढायला होते.

मोमीनपुऱ्याचा | सकाळी ११:४०

आमच्यातही ईसा अलैहिस्सलाम (येशू) परत येणार, दज्जालला, म्हणजे खोट्या मसीहाला, मारणार, हे सगळं आहे. गणितं करणारेही आहेत, काळजी नसावी.

पण कलमांचं म्हणाल तर हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, थेट उत्तर आहे. कयामत आली आणि तुमच्या हातात खजुराचं रोप असलं, आणि ते लावता येत असेल, तर लावून टाका. काकांना सांगा, खजुराच्या जागी संत्रा चालतो.

सदरची_घंटा | सकाळी ११:५२

हे ल्यूथरचं आहे ना? उद्या जग बुडणार असलं तरी आज सफरचंदाचं झाड लावीन?

निवृत्तमास्तर | दुपारी १२:३०

ल्यूथरच्या नावावर खपतं, त्याच्या लिखाणात सापडत नाही. मोमीनपुऱ्याचं रोप त्यापेक्षा कितीतरी जुनं.

काकूंना मात्र यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय वाचायला द्या. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया स्वतः पहाऱ्यात कैद, नगर पडणार हे तोच सांगतोय. अशा वेळी तो अनाथोथचं शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर शिक्का मारतो. इतकी चोख रजिस्ट्री आमच्या मुलाच्या फ्लॅटची झाली नाही. आणि पौलाचं दुसरं पत्रही वाचा, थेस्सलनीकाकरांनाच. त्यांच्यातल्या काहींनी काम सोडून नुसती लुडबुड चालवली होती. त्यांना तो म्हणतो, ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये.

इंदोरा_चौक | दुपारी १:१५

आम्ही बौद्ध, आमच्यात सृष्टीचा न्यायाधीशच नाही. तरी धागा पहिल्यापासून वाचतोय. पण काकांच्या बाजूनं कोणी विचारलं का? बाग आधीच मेलीय. त्या माणसाचा शेवटचा काळ मार्चमध्येच होऊन गेला.

महालकर | दुपारी १:२०

👆 हे बरोबर बोलले. (आमचं कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्षांचं आहे, घाई नाही. बाग दोनदा-चारदा लावता येईल.)

काटोलनाका | रविवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. आठवडाभर लिहिलं नाही कारण काल काटोलला जाऊन आलो. काकूंना मोबाईलवर वाचवत नाही, म्हणून धाग्याची प्रिंट काढून नेली.

काकूंनी ओट्यावर बसून अर्धा-पाऊण तास वाचलं. बडग्याजवळ हसल्या. पहाटचा ताराताईंच्या बाबांचं वाचताना चष्मा काढून पदरानं पुसला, काही बोलल्या नाहीत. टिवल्याबावल्यांच्या २०२१ च्या गणितावर मात्र कागद पालथा घातला आणि चहा ठेवायला आत गेल्या. आतूनच आवाज आला, "२०२१ ले तं मी इथंच होतो. पापड केले होते." मग बराच वेळ नुसता स्टोव्हचा आवाज.

नंतर स्वतःच बायबल काढून यिर्मया ३२ मोठ्यानं वाचला. खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेव, असं तिथं आहे. काका म्हणाले, "आपला सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत हाये, चालन का?"

त्या अजूनही म्हणतात प्रभू लवकर येणार. काका म्हणतात येऊ दे, सावलीत बसू. शेवटी असं ठरलं: कलमं वीस-वीस फुटांवर लावायची, आणि मधल्या पट्ट्यात पहिली काही वर्षं खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. अट काकूंची. सोयाबीन साडेतीन-चार महिन्यांत घरात येतं. "तेवढं तं कोणत्याही तक्त्यात बसते," म्हणाल्या.

प्रचारकांना त्यांनी परत बोलावलंय, यिर्मया विचारायला. साखर वेगळी ठेवणार आहेत.

वरूडचा_बागवान | रात्री ९:०५

ख्रिस्ती विषयातलं समजत नाही म्हणून गप्प होतो, आता बोलतो. कलमं कोणत्या खुंटावर (खालच्या मूळ रोपावर) आहेत? डिंक्यानं बाग गेली असेल तर जंबेरीपेक्षा रंगपूर बरा. जुने खड्डे होते तिथंच परत लावू नका, ओळ सरकवा. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर वर राहिला पाहिजे, माती लागता कामा नये. खोडाशी पाणी साचू देऊ नका आणि पावसाळ्याआधी बोर्डो मलम लावा. सोयाबीन खोडाला चिकटून पेरू नका, पोट्टे पेरतात तसं.

काटोलनाका | रात्री ९:२०

रंगपूरच घेतोय, शेंदुरजना घाटहून. ओळ सरकवायचं काकांना सांगतो. खड्डे उद्यापासून. म्हणजे खड्डेवाला बुधवारपासून 'उद्या येतो' म्हणतोय. आधी रोज विचारायचा, आता फोनच उचलत नाही.

टिवल्याबावल्या | रात्री ९:२२

तो दिवस नि ती घटका दिव्यदूतांनाही ठाऊक नाही.